वहिनींच्या मामांच्या दोन होड्या

समुद्राची इतक्या लांबून इतकी काळजी वाहणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही. आमच्या थोरल्या वहिनींचे मामा आमच्या कर्जतला लागूनच, भिसेगावात राहत. समोर भाताची शेतं, मागे डोंगर, आणि पाणी म्हणाल तर नदी, तीही उन्हाळ्यात म्हशीच्या गुडघ्याएवढी. पण मामांच्या ओटीवर पाऊल ठेवलं की वाऱ्याची दिशा विचारल्याशिवाय ते पाण्याचा तांब्या पुढे करत नसत. चुकून "पश्चिमेचा असेल" म्हणालात की संपलं. "असेल? असेल म्हणणारा माणूस बुडतो!" हे ते इतक्या आनंदानं म्हणत, की त्यांच्या समाधानासाठी एकदा बुडून दाखवावं असं वाटे.

मामांची सगळी नोकरी मुंबईला गोदीच्या कोठारात, दोर, रंग आणि खिळे देण्यात गेली. कोठाराच्या खिडकीतून त्यांना दोन शिडाच्या होड्या दिसत. दोन्ही सागवानी, दोन्ही मध्यम आकाराच्या, दोन्हींचं तारुण्य सरलेलं. मामा निवृत्त झाले, पाठोपाठ मामी गेल्या, मूलबाळ नव्हतंच; आणि त्याच सुमारास दोन्ही होड्या विकायला निघाल्याचं कानावर आलं. जुन्या होड्यांना गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, त्यामुळे मामांना विचार करायला भरपूर वेळ मिळाला आणि तो त्यांनी पुरेपूर वापरला. एकीचं नाव त्यांनी ठेवलं सुशीला, दुसरीचं चंचला. सुशीला लांबच्या सफरीची: रुंद पोटाची, जड, आत निजायला फळ्या, स्वयंपाकाला स्टोव्ह. "वळ म्हटलं की आधी विचार करते, पण वादळात दगा देणार नाही." चंचला शर्यतीची: अरुंद, उंच डोलकाठीची, आत रांगत जावं लागे. "वारा नुसता मनात आला तरी पळते. पण चार माणसं हवीत. चौघांशिवाय तिचं पान हलत नाही."

होडी कलली की जेवायचं कसं, हे बघायला मामांनी आपल्या पाटाखाली एका बाजूला वीट सरकवली होती. पाहुण्याच्या पाटाखालीही. मी त्यांच्याकडे कित्येकदा आमटी उतारावर खाल्ली आहे. माझ्या धोतराला आमटी लागली की मामा खूश होऊन म्हणत, "बघ, ही चंचला. आता वीट काढतो, म्हणजे सुशीला. आहे की नाही फरक?"

एका वर्षी भातकापणी झाल्यावर त्यांनी शेजारच्या नामदेवाच्या रिकाम्या शेतात दोन्ही होड्या फक्कीनं आखल्या. मोजूनमापून, खऱ्याएवढ्या. नामदेवानं बांधावरून त्या पांढऱ्या रेषा पाहिल्या, घरी गेला आणि नारळ घेऊन आला. त्याला वाटलं, मामा घर बांधताहेत, तेही त्याच्या शेतात.

"मामा, शेत माजं हाय ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "पन घराला टोक कशाला काढलं वं? आन् दार कुठं हाय?"

"दार नसतं. वरून उतरायचं."

"म्हंजे चोराची सोय!"

"अरे, होडी आहे ती!"

नामदेवानं डोंगराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि नारळ फोडलाच. आणलेला नारळ परत न्यायचा नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. मग मामांनी त्याला चंचलेच्या सुकाणूवर बसवलं, मला आणि नामदेवाच्या भावाला शिडाच्या दोरांवर. "वारा फिरला! डावीकडे सरका!" असं मामा ओरडले की आम्ही तिघं टोचऱ्या धसकटांवरून बूड घासत सरकत असू. नामदेवाची बायको बांधावरून ओरडे, "आवं, लेंगा फाटंल नं! शिवनार कोन?" रोज संध्याकाळी शर्यत. सुशीला रिकामीच असल्यामुळे आम्हीच जिंकत होतो. मामांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतात.

मग वाल पेरायची वेळ आली. नामदेव म्हणाला, "मामा, उद्या नांगर घालतो." मामा म्हणाले, "घाल. पण चंचला घेतली तर दर रविवारी मुंबईला याल ना?" नामदेव कळवळून म्हणाला, "नाय वं मामा, म्हशीकडं कोन बघंल? आन् आमाला कुटं पोहाया येतंय?" भाऊ नुसता हसला. मला रविवारी शिकवण्या होत्या. मामांनी मान डोलावली आणि कुणालाच पुन्हा विचारलं नाही.

पुढे एकदा सुट्टीत ते मला होड्या दाखवायला मुंबईला घेऊन गेले. आज काय ते ठरवायचंच म्हणाले. आधी सुशीला. आत उतरले, फळीवर बसले, स्टोव्ह पाहिला. बराच वेळ वर आले नाहीत. आले ते म्हणाले, "छान आहे. पण एकट्यानं राहायला माझ्याकडे घर आहे की."

चंचलेवर गडबड चालली होती. शर्यत होती आणि चौथा माणूस आला नव्हता. मालक म्हणजे एक पारशी म्हातारा. त्यानं मामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वजन किती? चाला, बसून जा!" आयुष्यभर होड्यांना दोर पुरवणारे मामा त्या दिवशी पहिल्यांदा होडीत बसले. शर्यतीत ते शेवटून पहिले आले. परतले तेव्हा नखशिखांत भिजले होते, चष्मा मिठानं पांढरा झाला होता.

"मग घेणार ना?" मी विचारलं.

मामांनी मालकाला विचारलं, "ही माणसं होडीबरोबर राहतील?"

"ए तो मारे पोरं," म्हातारा म्हणाला. "होडी विकली तर दुसऱ्या होडीवर जाशे."

मामांनी दोन्ही होड्यांना नकार दिला.

परतीच्या गाडीत नेरळपर्यंत ते चष्म्यावरचं मीठ पुसत होते. मग एकदम म्हणाले, "तिघंही माझ्यावर ओरडत होते रे. सरका, वाका, डोकं खाली घ्या, अक्कल आहे की नाही! मामी गेल्यापासून कुणी माझ्यावर ओरडलं नव्हतं."

मी हसलो. मामाही हसले, पण त्यांचं हसू आधी थांबलं.

दिवेलागणीला भिसेगावात पोचलो. शेजारी सगळीकडे दिवे लागले होते. मामा आपल्या अंधाऱ्या ओटीवर, कुलूप उघडून, दारातच उभे राहिले. आत जाईनात. मी आमच्या घराकडे निघालो होतो, तो रस्त्यातच थांबलो. थोरल्या माणसाशी असं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. तरी होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"अहो मामा! ओल्या कपड्यांत उभे काय राहिलात? अक्कल आहे की नाही! आत जा, अंग पुसा, गरम काहीतरी खा!"

"गेलो, गेलो!" मामा लगबगीनं म्हणाले, आणि आत दिवा लागला.