आतला दाणा

लोखंडाला आतून ओळखणारी बाई कर्जत-खालापुरात एकच, आणि ती माझी थोरली नणंद आहे. ताईंची सगळी नोकरी खालापूरच्या एका कारखान्यात, पोलादाचे तुकडे घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली. निवृत्तीनंतर सूक्ष्मदर्शक सुटला, नजर सुटली नाही. भिसेगावात हळदीकुंकवाला गेल्या तरी पर्समधलं चुंबक आधी स्टीलच्या वाटीला लावतात. "चिकटत नाही. तापलेल्या लोखंडाची मांडणी हिनं थंड झाल्यावरही धरून ठेवलीय," असं यजमानीणबाईंना कौतुकानं सांगतात. त्या बिचाऱ्या वाटी पुन्हा धुवायला नेतात. मला शिकवताना मात्र त्यांनी पंगतच मांडली. थंड लोखंडात अणू ऐसपैस बसतात, तापलं की उठून दाटीनं नव्या रांगा धरतात. पोलाद तसंच पाण्यात बुडवलं तर नीट माघारी फिरायला वेळ मिळत नाही, अवघडून अडकतात. तोच त्याचा कडकपणा. एवढं ऐकेपर्यंत माझी भाजी करपली होती.

गेल्या भातकापणीला कोंडाण्याच्या रस्त्यावरच्या लोहारदादांचे विळे काचेसारखे मोडायला लागले. लोक बाजारातून तयार विळे आणू लागले आणि दादांनी भट्टी मोडायचं ठरवलं. माझाही विळा मोडलेला, म्हणून मी भांडायला गेले. ताई सोबत आल्या.

"हात गेला माजा, ताई," दादा म्हणाले. "लोखंड तेच हाय, पाणी तेच हाय."

ताईंनी विळ्याचं मोडलेलं तोंड उन्हात धरलं. आत खडीसाखरेसारखे जाड दाणे चकाकत होते. मग त्यांनी वर पाहिलं. "हे पारदर्शक पत्रे कधी घातले?"

"दिवाळीच्या आधी. उजेड पायजे ना!"

"त्यानंच घात केला. अंधारात लाल दिसायचं ते उजेडात काळंच दिसतं. तुम्ही रंग येईपर्यंत ताव देत बसता. जास्त तापलं की आतला दाणा फुगतो, मग विळा ठिसूळ होतो."

"मला भट्टी शिकवता व्हय?"

"हात तुमचाच चांगला आहे. डोळे फसले." ताईंनी पर्समधलं चुंबक काढलं. "तापता विळा याला धरायचं सोडेल, त्यापुढे जरासाच ताव. मग पाणी."

दादा घुश्शातच होते, पण त्यांच्या बायकोनं छपरावर गोणपाटं टाकली. दुपारी काढलेला विळा त्यांनी दगडावर आपटला. मोडला नाही. दादा खाली बसले आणि कितीतरी वेळ तोंडावरून हात फिरवत राहिले.

आता गावात म्हणतात, लोहाराचा हात परत बसला. ताईंचं नाव कुणी घेत नाही. कारखान्यातही अहवाल त्यांचा आणि सही साहेबांची असायची. मी मात्र भेटेल त्याला सांगते.

परवा दादांनी ताईंसाठी नवाकोरा विळा पाठवला. ताईंनी तो पोटमाळ्यावरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळून धरला आणि मोडलाच.

"अहो, भेट आलेली कुणी मोडतं का?"

त्यांनी तुकडा माझ्यापुढे धरला. आत राखाडी, मऊसूत, कुठे चकाकी नाही.

"बघ गं, किती बारीक दाणा," त्या म्हणाल्या. मग दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन, चहा निवेपर्यंत तशाच बसून राहिल्या.