सोमवारी जड होणारं निकेल

दुष्काळाच्या साली मी नगरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होतो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिलाच, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगत असे.

माझं काम हिरव्या पुडीचं. निकेल, बेंझोइक आम्ल आणि क्विनोलीन यांचे स्फटिक करायचे, खलात घोटायचे आणि चुंबक त्यांना किती ओढतो ते मोजायचं. सरांच्या मते त्या स्फटिकात निकेलचे दोन अणू समोरासमोर बसलेले होते, आम्लाच्या पिंजऱ्यात कोंडल्यासारखे. दोघंही चुंबक, पण इतके जवळ की एकमेकांचं बळ खातात. तसं असेल तर ओढ कमी भरायला हवी. भरली तर माझा प्रबंध, नाही तर परत गावाकडं, मिरजगावची एस.टी.

मोजायची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. वाऱ्याने तराजू हलू नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. तराजूच्या एका बाजूला पारडंच नव्हतं. तिथून दोरा खाली जायचा, आणि त्याला टांगलेली काचेची नळी चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये लोंबायची. बटण दाबलं की चुंबक घुमायचा आणि नळी हळूच खाली जायची. कुणी हात लावलेला नसायचा. भरदुपारीही माझ्या मानेवर काटा यायचा.

त्यात सोमवारी घोटलेली माझी पूड जास्त जड भरायची. बुधवारी नवी घोटली की थोडी उतरायची, सोमवारी घोटली की पुन्हा जड. शिवाय चुंबकाचा विजेचा प्रवाह कमी-जास्त केला की हिशेब करून काढलेला आकडाही बदलायचा. तो बदलायला नको होता.

"लोखंड आहे कुठंतरी," सर म्हणाले. पण त्याच बाटलीतलं निकेल वापरून प्रयोगशाळेतल्या माझ्या जोडीदाराचे आकडे सरळ येत होते.

"सोमवारी तुझं निकेल जेवून येतं काय रे?" तो म्हणाला. मी हसलो नाही. नळी मी भरली तरच ती जास्त ओढली जायची. माझ्याबरोबर काहीतरी त्या खोलीत येतंय, असं मला खरंच वाटू लागलं होतं.

एका सोमवारी गावाहून पहाटेच्या गाडीने आलो, तसाच खोलीत जाऊन चुंबक चालू केला. आदल्या दिवशी दुमडलेल्या बाह्या सोडल्या, तर घडीतून काळी भुकटी टेबलावरच्या कागदावर सांडली. कागद उचलून जवळ नेला, तशी ती भुकटी उभी राहिली. केसांसारखी ताठ. मी कागद फिरवला, तर तीही वळली.

ती खडीची धूळ होती. वडील तापाने अंथरुणाला होते, म्हणून दर रविवारी त्यांच्या जागी मी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसायचो. आमचा काळा दगड पोटात लोह घेऊनच असतो. तेच माझ्या बाह्यांतून खलात झडत होतं.

हे ऐकून सर म्हणाले, "गावाला जाणं बंद कर."

"ते जमणार नाही, सर."

पुढच्या रविवारी शेजारी खडी फोडत बसलेल्या आईला सगळं सांगितलं. ती फोडता फोडता थांबली.

"म्हंजी हितला दगड तुज्या मागं कालिजात येतोय?"

"व्हय."

"आन् मग पास न्हाई करत तुला?"

"न्हाई."

मी म्हणालो, कपडे वेगळे ठेवतो, अंघोळ करून जातो. "पानी कुठाय अंगूळीला?" ती म्हणाली. टँकर दोन दिवस आला नव्हता. तिनं माझ्या हातातली हातोडी घेतली आणि धाकट्या बहिणीला हाक मारली. बहीण आठवीत होती. "दादाच्या जागी बस गं."

मी बांधावर बसून राहिलो.

त्यापुढच्या आठवड्यात, खडीला हात न लावता आलो त्या सोमवारी आकडा खाली आला आणि प्रवाह कितीही वाढवला तरी तिथंच राहिला. सर म्हणाले, "आता लिहायला घे." मी लिहिलं, पदवी मिळाली, तिचा अभिमान मला आजही आहे.

बहीण रविवारी खडीवर बसली ती सोमवारीही उठली नाही. शाळेत तिचं नाव होतं, ते पुढं कधीतरी काढून टाकलं.