बसमधून न उतरणारा

मारेगावच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबली. सगळे चहाला उतरले. शेजारचा माणूस मात्र पिशवी पोटाशी धरून, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत बसून राहिला. मी जरा वैतागूनच म्हटलं, "काका, उतरा ना. बस काही सोडून जात नाही."

"प्रवासी जहाजावर कपडे धुवाच्या कामाले होतो," तो म्हणाला. "एका बंदरात उतरून दुकानातून मायले फोन लावला. माय म्हणे, अजून बोल ना बापू. मी भिंतीवरचं घड्याळ पाह्यलं, फोन ठेवला अन् पळालो. त्याच हप्त्यात माय गेली."

मी खिडकीतून घेतलेला चहाचा कप त्याच्या हातात दिला. त्यानं तो नुसताच धरून ठेवला.

"जहाजाचं घड्याळ त्या गावापेक्षा एक तास मागं चाले," तो म्हणाला. "वर चढलो, तं जहाज सुटाले अजून तास बाकी होता."