न फाटणाऱ्या गणवेशांची शाळा

माझी वहिनी माणसाची पारख शिवणीवरून करते. खांदा कुठे उसवला, खिसा कशाने फाटला, बटण तुटलं की चावलं, एवढं बघून ती स्वभाव सांगते आणि निम्म्या वेळा तो खरा निघतो. उरलेल्या निम्म्या वेळांबद्दल ती बोलत नाही.

घराच्या पुढच्या खोलीत तिची दोन मशिनं आहेत. गेली अकरा वर्षं ती दोन खासगी शाळांचे गणवेश शिवते, एक टेकडीवरची आणि एक पुलापलीकडची. दोन्ही पहिली ते आठवी. त्यामुळे माझ्या भाचीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा घरात फारशी चर्चाच झाली नाही. दादा म्हणाला, "तूच ठरव. तुला आतलं माहीत."

"आतलं म्हणजे अस्तर," मी म्हटलं. वहिनीने मला कात्री दाखवली.

भाची सहा वर्षांची. घरात ती बोलून बोलून आमचे कान किटवते, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडात मिठाची गुळणी. म्हणून तिला घुमी म्हणतात. बालवाडीच्या दोन वर्षांत तिने बाईंसमोर ब्र काढला नाही. आता आठ वर्षं एकाच शाळेत काढायची होती. तिथे ती बोलती होईल की कायमची मिटून जाईल, या काळजीने वहिनीचा जीव टांगणीला लागला होता.

"एकदा घातली की घातली," ती म्हणायची. "ही काय टीप आहे, चुकली तर उसवायला?"

शेवटी निकाल तिने कपड्यांवरूनच लावला. पुलापलीकडच्या शाळेतून दुरुस्तीला गठ्ठे येत. फाटलेले गुडघे, डिंकाने कडक झालेल्या बाह्या, गोटे भरून लोंबलेले खिसे. "ही मुलं आहेत की माकडं?" वहिनी सुई ओवताना कुरकुरायची. टेकडीवरच्या शाळेचा मात्र अकरा वर्षांत एकही कपडा दुरुस्तीला आला नव्हता. नव्या गणवेशांची मागणी तेवढी बारा महिने चालू असे. वहिनीच्या मते तिथली हवा चांगली, मुलं भराभर वाढतात.

"बाई एकेका मुलाकडे लक्ष देत असणार, त्याशिवाय का कपडे असे टिकतात?" ती म्हणाली. "आपल्या घुमीला असंच कुणीतरी हवं." मलाही पटलं. मीही शहाणी मान डोलावली.

प्रवेशाच्या दिवशी दादाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून कागदांची फाईल घेऊन मी वहिनी आणि घुमीबरोबर गेले. फरशी इतकी लख्ख की पाय टेकवायला संकोच वाटावा. आम्ही ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. दाराशेजारी दहाएक वर्षांची एक मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. उजवा हात तिने मागे लपवला होता. अंगातला शर्ट वहिनीनेच शिवलेला.

"बघू गं, काय झालं?" वहिनीने विचारलं.

मुलीने हात पुढे केला. कोपरावर रफू होतं. धागा जरा गडद, टाके वाकडे, पण घट्ट.

"बाबांनी केलं," ती म्हणाली. "पण शिवलेला शर्ट इथे चालत नाही. घरून नवीन येईपर्यंत वर्गात जायचं नाही."

"कधीपासून उभी आहेस?"

"पहिल्या तासापासून."

वहिनीचा चेहराच उतरला. कपडे इथेही फाटत होते. फाटले की टाकून देत होते, एवढंच. आणि वहिनीने त्यातून वळण, माया, लक्ष, सगळं काही काढलं होतं. मला तिची कीव आली. माझीही आली.

आत मोठ्या बाई भेटल्या. नाकाने कांदे सोलणाऱ्या असतील अशी माझी समजूत होती, पण तशा नव्हत्या. पाणी दिलं, वहिनीच्या शिलाईचं कौतुक केलं. मग घुमीकडे वळल्या.

"नाव काय बाळ तुझं?"

घुमी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. मोठ्या बाईंनी पेन उचललं, परत ठेवलं.

"काही हरकत नाही," त्या वहिनीला म्हणाल्या. "महिन्याभरात बोलायला लागेल. आमच्याकडे न बोलून चालतच नाही."

वहिनी उठली. "नको बाई, आम्ही दुसरीकडे बघतो," असं म्हणून तिने माझ्या मांडीवरची फाईल उचलली. बाहेर त्या मुलीपाशी क्षणभर थांबली. "रफू छान झालंय. बाबांना सांग, गणवेश शिवणाऱ्या बाईंनी सांगितलंय."

टेकडी उतरताना ती तरातरा चालत होती. मला तिचा अभिमान वाटत होता आणि ते मी बोलणारच होते, इतक्यात घुमीने तिचा पदर ओढला.

"आई, मी सांगणार होते."

"काय?"

"नाव. दहापर्यंत मोजून सांगणार होते. सात झाले आणि तू उठलीस."

वहिनी रस्त्यातच थांबली. मग ती घुमीसमोर उकिडवी बसली. "मग तुला याच शाळेत यायचंय का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न आमच्यापैकी कुणीही घुमीला आजवर विचारला नव्हता. खिशांना विचारला, गुडघ्यांना विचारला, गठ्ठ्यांना विचारला. जी बाहेर बोलत नाही तिला काय विचारायचं, असं धरून चाललो होतो. घरात तर ती दिवसभर बोलत होती. मला स्वतःची लाज वाटली.

घुमीने बराच वेळ घेतला. या वेळी आम्ही तिला दहापर्यंत मोजू दिलं.

"इथे नको," ती म्हणाली. "त्या ताईला बसायला पण दिलं नाही. पण पुलापलीकडची मी कुठे पाहिलीय? आधी बघू दे, मग सांगते."

"चल," वहिनी म्हणाली. "तू सांगशील तसं."