दुधसागर आणि एसटीची दोरी

मला आधी एक सांगा, कावळ्याला दुधसागर कसा काय ठाऊक?

हसू नका. हा प्रश्न मी भटजींना विचारला, त्यांनी पोथी गुंडाळली. काकांना विचारला, त्यांनी विडी पेटवली. पण त्या कावळ्यापायी मी असा काही पराक्रम करून बसलोय, की जयगडच्या धक्क्यावर अजून मला बघून लोक हवेत हात वर करून दोरी ओढल्यासारखं करतात. आता ऐकाच.

माझा दादा लाँचवर खलाशी होता. भाद्रपदात त्याला कावीळ झाली आणि आठवड्यात तो गेला. पंचविशीचा माणूस, एका हाताने नांगर ओढणारा. जाऊ दे. ते सांगायला बसलो तर पुढचं राहील.

दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवला. कावळे माडावर बसलेले, पण खाली बघायला तयार नाहीत. काका म्हणाले, "तुझ्या आयेला अंतर देणार नाय." कावळा गप्प. दादाचा दोस्त अंत्या म्हणाला, "तुझी जाळी मी सांभाळीन." कावळा चोच घासतोय. आई नुसती हात जोडून उभी. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले आणि माझं डोकं फिरलं.

दादाने घरात भिंतीला एक कॅलेंडरचं पान डकवलं होतं. दुधसागरचा धबधबा, गोव्याच्या पार टोकाला, डोंगरातून दूध ओतल्यासारखा. "आयेला एकदा दाखवणार," असं दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. गोव्याला जायचं म्हणून त्याने मुंबईहून पाठीवरची सॅकसुद्धा आणून ठेवली होती.

मी ओरडलो, "दादा, आयेला दुधसागर मी दाखवतो! ये आता खाली!"

आला! सरळ खाली आला, पिंडाला चोच मारली आणि भाताचा गोळा घेऊन गेला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका हळूच म्हणाले, "बाळ्या, शब्द दिलास हां. आता मोडायचा नाय."

"मोडतो कशाला? गोवा काय विलायतेत आहे?"

दसरा झाल्यावर आम्ही निघालो. मी, अंत्या आणि आई. बांद्याला आईच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला, तिथून एका दिवसात जाऊन यायचं. आईने लुगडं नेसून पाठीला दादाची सॅक लावली होती. "दे, मी घेतो," म्हटलं तर हात झटकलान. त्या सॅकला अजून त्याचा वास होता, डिझेलचा आणि सुक्या मच्छीचा. बांद्याच्या पुढे हद्द लागली, फाटकाशी पोलीस उभे. आईने खिडकीतून वाकून बघितलं.

"गोवा कुठाय?"

"हाच की!"

"माती तर आपल्यासारखीच तांबडी. फसवलान तुला कुणीतरी."

तीन एसट्या बदलत, एकदा चुकीच्या गाडीत चढून परत उतरत, कसेबसे कुळ्याच्या स्टेशनावर पोचलो. तिथून घाटात रेल्वे चढते आणि धबधबा रेल्वेतूनच दिसतो.

आता इथे तुम्ही माझी बाजू समजून घ्या. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात रेल्वे नाही. येणार, येणार म्हणतात. आम्ही तिघांनीही आगगाडी जन्मात बघितली नव्हती. पण मी घाबरलो का? अजिबात नाही! गाडी म्हणजे गाडी. एसटी काय आणि आगगाडी काय, लांबीचा फरक!

गाडी फलाटाला लागायच्या आत मी धावत जाऊन खिडकीतून टॉवेल टाकला, जागा धरली आणि पाठोपाठ स्वतः खिडकीतून आत शिरलो. अंत्याने पायाला धरून ढकलला. आत गेल्यावर बघतो, तर अर्धा डबा रिकामा.

"दार उघडं होतं हो," समोरचे एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले. ते लोंढ्याला निघाले होते.

"असू दे. आपली सवय."

गाडी सुटली. डोंगर जवळ आले. आई सॅक मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. मग मी तिच्या हातून सॅक काढून वरच्या फळीवर ठेवली, म्हटलं आरामात बघू दे. चष्मेवाले म्हणाले, "आता पुढचा बोगदा संपला की धबधबा. पण ही गाडी तिथे थांबत नाही हां. बघता बघता जातो मागे."

थांबत नाही? दादाने इतकी वर्षं वाट बघितली आणि आईने काय पापणी लवेपर्यंत बघायचा?

मी वर बघितलं. खिडकीच्या वर साखळी होती, लाल दांडी असलेली. माझा जीव भांड्यात पडला. दोरी आहे की! खाली बरंच काही लिहिलेलं होतं. माझी शाळा चौथीत संपली. ते सगळं वाचत बसलो असतो तर धबधबा मागे गेला असता.

आणि एसटीत बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. थांब्याच्या जरा आधीच दोरी ओढायची, म्हणजे ड्रायव्हर बरोबर थांब्यावर उभी करतो. गाडी बोगद्यात शिरली आणि मी साखळी ओढली.

काय सांगू तुम्हाला! असा आवाज झाला जसा डोंगराने श्वास घेतला. करकर करत गाडी उभी राहिली. कुठे? बोगद्यात. मिट्ट काळोखात.

"बाळ्या, एवढ्यात रात कशी झाली रे?" आईचा आवाज.

"थांब गे आये, सोडतो गाडी."

एकदा ओढली की थांबते, दोनदा ओढली की सुटते. मी परत ओढली. टण, टण! काही नाही. परत टण, टण! तोवर धुराने सगळा डबा खोकायला लागला आणि एक बॅटरी हलत हलत आमच्याकडे आली. बॅटरीच्या मागे गार्ड, चांगला आडवातिडवा, बेळगावकडचा.

"कोण ओढलं साखळी?"

"मी."

"का?"

"विनंती थांबा."

"काय?"

"दुधसागर, तीन माणसं. उतरायचं नाही, नुसतं बघायचं आहे. आणि मास्तर, तुमची दोरी बिघडली आहे. थांबते, पण सुटत नाही. बघून घ्या."

चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. गार्डने माझ्या मानगुटीला. मग अख्खा डबा तोंड सोडून बोलायला लागला. चढावर उभी राहिलेली गाडी आता निघायची कशी, मागे घसरली तर काय, याला कोणी सोडला, याच्या घरी कोणी आहे की नाही! आईने पदर तोंडावर ओढला आणि डोकं गुडघ्यात घातलं. आतून म्हणाली, "शहाणा होता तो गेला, नि हा राहिला. मला नको तो धबधबा."

आई रागात काहीही बोलते. मी मनावर घेतलं नाही, असंच सगळ्यांना सांगतो.

गार्डने मला मागे आपल्या डब्यात नेऊन उभा केला. आमच्या डब्याच्या मागचाच तो. "इथून हलायचं नाही. आणि ह्या दांड्याला हात लावायचा नाही, ह्यानं पण गाडी थांबते," असं स्वतःच दाखवलं. बघा, मला काय ठाऊक होतं?

बऱ्याच खटपटीने, जरा मागे, जरा पुढे करत गाडी हलली. कण्हत कण्हत बोगद्यातून निघाली. आमचा डबा उजेडात गेला आणि पाण्याचा आवाज असा आला की डब्याचे पत्रे थरथरले. पुढे रूळ वळतो, म्हणून मला दारातून आमची खिडकी दिसत होती. डब्यातली झाडून सगळी डोकी बाहेर. चष्मेवाले बाहेर. आई तेवढी पदराखाली.

अंत्या खिडकीतून हात नाचवत ओरडत होता, "बघत नाय रे! बघत नाय!"

गाडीने वेग घेतला. गार्ड बावटा धरून दारात वाकला होता. मी विचार केला नाही. माझ्या हातून विचार कधी झालाय? दांडा धरला आणि खाली खेचला.

परत तोच श्वास, तोच धक्का! अंत्या सांगतो, वरच्या फळीवरून दादाची सॅक सुटली ती धप्पकन आईच्या मांडीत. आईने ओळखलं हा कोणाचा उद्योग. ताडकन उठली, पदर फेकलान, खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि माझ्या दिशेने हात करून ओरडली, "अरे मेल्या, तुझ्या..."

आणि तिथेच तिची मान वळली.

शिवी अर्धीच राहिली. सॅक छातीशी धरून ती बघत राहिली. तुषार तिच्या तोंडावर येत होते, तेही पुसलेन नाही.

मी म्हणाल तर माझा डबा अर्धा बोगद्यातच अडकला होता. धबधब्याकडे बघायचं तर समोर गार्ड आडवा, त्याच्या काखेखालून आमची खिडकी तेवढी दिसत होती, आणि दुसरीकडे ओला काळा कातळ. तो दोन्ही हातांनी माझी बोटं सोडवत होता आणि कानडीत काहीतरी म्हणत होता, ते ऐकून बरं वाटावं असं नव्हतं. दुधसागर कसा दिसतो हे मला विचारू नका. मी आपला कॅलेंडरवर बघितलाय तेवढाच.

पण आईने आपणहून मान आत घेईपर्यंत तो दांडा मी सोडला नाही.