सुलभाताई गेल्या, तरी डोंबिवलीची खोली उघडली

माझ्या गालावर ब्लेड चाललं तेव्हा सगळे मलाच विचारत होते, "बॅग सोडून का नाही दिलीस?"

सुलभाताईंनी कधीच विचारलं नाही.

आज पहाटे त्या गेल्या.

ऑफिस सुटल्यावर मी डोंबिवली स्टेशनवरून चालत घरी येत होते. बाइकवर दोघं होते. बॅग खेचली, मी धरून ठेवली, मागच्याने ब्लेड चालवलं.

टाके भरले. पण मी घराबाहेर पडणं सोडलं. जॉबही सोडला. गॅलरीत कपडे वाळत घालायलासुद्धा आईच जायची.

बाबांचं एकच, कम्प्लेंट दिलीय ना, आता विसर.

टाके काढणाऱ्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, ठाण्याच्या नौपाड्यात एक बाई आहेत. रस्त्यावर हल्ला झालेल्या लोकांना मदत करतात.

मी म्हटलं, मी ठाण्याला जाणार नाही.

मग ताईच आल्या. हॉस्पिटलात समाजसेविका होत्या, रिटायर झालेल्या. गुडघे दुखत असताना आमचे तीन मजले चढून.

त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलल्याच नाहीत. आईसोबत मेथी निवडत बसल्या. निघताना म्हणाल्या, "गेटपर्यंत सोडायला येतेस? नाही जमलं तर जिन्यातून परत फिर. मला राग नाही येणार."

मी जिन्यातूनच परत फिरले.

त्या पुन्हा आल्या. मग पुन्हा.

एकदा गेटपर्यंत पोचले आणि तिथेच रडायला लागले. ताई बाजूला उभ्या राहून वॉचमनशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलत राहिल्या. माझं रडून होईपर्यंत.

मोफत वकील मिळतो, काउन्सेलिंग मिळतं, भरपाई मागता येते, हे सगळं मला त्यांच्याकडून कळलं. या सोयी आहेत हो. आपल्याला कोणी सांगत नाही.

आरोपीला ओळखायला बोलावलं तेव्हा दारापर्यंत त्या सोबत होत्या. मी ओळखलं. केस अजून चालू आहे. मी मात्र पुन्हा कामाला लागले.

ताईंना एक गोष्ट फार खटकायची. जो घराबाहेरच पडू शकत नाही, त्याने ठाण्यापर्यंत यायचं कसं?

म्हणून मागे लागून लागून त्यांनी आमच्या सोसायटीची मीटिंगची खोली मिळवली. दर शनिवारी संध्याकाळी हल्ला झालेले लोक तिथे येऊन बोलू लागले. कमिटीतले एक काका नकोच म्हणत होते, पोलिसांची कटकट मागे लागेल म्हणून. ताईंनी त्यांनाच पहिल्या शनिवारी येऊन बसायला सांगितलं.

आता चहा तेच आणतात.

आज शनिवार. ठाण्याहून अंत्यसंस्कार करून परतताना कोणीतरी म्हणालं, आज बंदच ठेवूया.

मी आंघोळ करून खाली गेले.

दाराशी विठ्ठलवाडीचं एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हाताला प्लास्टर. पार्किंगवरून भांडण झालं आणि चौघांनी भर रस्त्यात मारलेलं. ताईंनीच त्यांना आज बोलावलेलं.

ताई गेल्याचं सांगितलं, तर ते परत चपला घालायला लागले. म्हणाले, "नंतर येतो कधीतरी."

"नको काका, बसा. मी आहे."

बसले. मग त्यांच्या बायकोने बोलायला सुरुवात केली, आणि हळूहळू तेही बोलले.

पुढच्या शनिवारी येतो म्हणालेत.

सुलभाताई, भरल्या डोळ्यांनी तुम्हाला शेवटचा नमस्कार.