नंबरामागचं नाव

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी कुंदाच्या लेकीचा, मुक्ताचा, फोन आला. "काका, आई गेली..."

नव्वदीचं दशक सरत असताना कुंदा आणि मी बोईसरच्या कारखान्यांना इंटरनेट पुरवायचो. वरच्या कंपनीकडून इंटरनेटवरच्या पत्त्यांचा, म्हणजे नंबरांचा, एक सलग गट मिळाला होता, त्याचे लहानमोठे तुकडे करून आम्ही वाटले. रंगाच्या बड्या कारखान्याला मोठा, वाणगावच्या जगन्नाथभाऊंच्या व्हॉल्व्हच्या शेडला चिमुकला. पण परदेशातली मेल घेणारी यंत्रं उलट विचारायची, हा नंबर कुणाचा? नाव मिळालं नाही की मेल परत. भाऊंची कोटेशनं अशीच परत येत होती आणि तिकडचं गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं.

नंबरावरून नाव सांगायचा कारभार अख्ख्या गटाचा एकाच ठिकाणी चाले, तुकड्यांत वाटायची सोय नव्हती. "मग सगळाच आमच्याकडे द्या, लहानांची नावं आम्ही घालू," रंगाच्या कारखान्याचे साहेब म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. कुंदा म्हणाली, "नाही साहेब. त्यांचं नाव तेच घालतील."

चिकूच्या वाडीत वाढलेली, मुंबईत इंजिनिअर झालेली कुंदा रंगात आली की घरच्या बोलीवर यायची. "अरे, गावाला पोस्ट एकच, पन पाडे लहानमोठे हायेत ना? पोस्टात फक्त लिवून ठेवायचं, ह्या घराचं त्या पाड्यावर विचारा." आणि तिने तसंच केलं. त्या एका ठिकाणी प्रत्येक नंबरापुढे नावाऐवजी एक वाट लिहिली, ती ज्याच्या-त्याच्या यंत्रापाशी नेऊन सोडली. एकही नियम न मोडता, जिथे तुकडा पडतच नव्हता तिथे तिने हवे तेवढे तुकडे पाडले होते... मी पडद्याकडे बघतच राहिलो. शेडमधल्या कॉम्प्युटरवर नाव मात्र तिने भाऊंकडूनच टाइप करून घेतलं, एका बोटाने.

गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, मागोमाग ऑर्डरही. भाऊ खुर्चीच्या कडेला टेकून विचारत होते, "आमचं नाव तिकडं दिसलं?"

"दिसलं ना. तुमीच लिवलेलं."

पुढे आमच्या वाटा वेगळ्या झाल्या, मी पालघरला आलो. तरी कुठलंही काम संपलं की आम्ही एकमेकांना फोन करायचो, "तिकडनं बघून सांग." आपलं काम बाहेरून कसं दिसतं ते बाहेरच्यानेच सांगायचं, हा तिचा शिरस्ता. गेल्या आठवड्यात एका शाळेचं काम उरकलं आणि सवयीने तिचाच नंबर लावला. मुक्ताने उचलला. "तिकडनं बघून..." एवढंच माझ्या तोंडून गेलं.

ती म्हणाली, "काका, काय बघायचं ते सांगा ना. मी बघते इकडून..."